रक्ताचा सूर, वहीतले शब्द

१४ एप्रिलची रात्र होती. नाशिकरोडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिरवणूक येऊन थांबलेली, आणि मी गच्चीत हेडफोन लावून आयर्लंडमधल्या चार भावंडांची गाणी ऐकायचा प्रयत्न करत होतो. एका मैत्रिणीने प्लेलिस्ट पाठवली होती, सगळे भावाबहिणींचे बँड, आणि सकाळी तिला त्यावर काहीतरी शहाणं बोलून दाखवायचं होतं. पहिलाच बँड द कॉर्स. डंडॉक गावच्या तीन बहिणी आणि एक भाऊ. एकीकडे व्हायोलिन, एकीकडे पत्र्याची छोटी बासरी, एकीकडे ड्रम. १९९५ साली त्यांचा पहिला अल्बम आला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. गाणी छान होती, पण खालच्या डीजेपुढे हेडफोनचं काही चालेना. व्हायोलिनने जरा सूर धरला की त्याच्यावर आनंद शिंदेंचा आवाज येऊन बसायचा. शेवटी हेडफोन काढून ठेवले.

तेव्हा लक्षात आलं की खाली जे वाजतंय तेही एका घराचंच आहे. आनंद शिंदे, मग त्यांचा भाऊ मिलिंद, मग त्यांचे वडील प्रल्हाद शिंदे, मग आनंद यांचा मुलगा आदर्श. डीजेवाल्याच्या पेन ड्राइव्हमध्ये एकाच घराच्या तीन पिढ्या होत्या आणि रात्रभर त्याला दुसऱ्या कुणाची फारशी गरज पडली नाही. यांना आपण कधी फॅमिली बँड म्हणत नाही. घराणंही म्हणत नाही. घराणी किराण्याची, ग्वाल्हेरची, जयपूरची. शिंदे म्हणजे ‘कॅसेटवाले’. मला वाटतं, हे दोन्ही शब्द त्यांना लावून बघितले पाहिजेत, आणि लावले की एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. त्याकडे नंतर येतो.

आधी भावंडं एकत्र गातात तेव्हा नेमकं काय होतं ते बघू. अमेरिकन कंट्री संगीतात त्याला एक खास नाव आहे, आपण मराठीत रक्ताचा सूर म्हणू. दोन भाऊ एकाच वेळी दोन वेगळे स्वर लावतात, एक खालचा, एक वरचा, आणि ते इतके चिकटून बसतात की दोन आवाजांमधली शिवण दिसत नाही. यात चमत्कार कमी आणि घरगुती कारणं जास्त आहेत. भावंडांचा गळा, जबडा, टाळू यांची ठेवण मिळतीजुळती असते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती एकाच स्वयंपाकघरात बोलायला शिकलेली असतात. ‘आ’ किती उघडायचा, शब्दाचं शेपूट कुठे तोडायचं, श्वास कुठे घ्यायचा हे त्यांना ठरवावं लागत नाही. एव्हर्ली बंधूंचं कुठलंही जुनं गाणं लावा, दोघांचे ओठ एकाच वेळी मिटताना ऐकू येतात. हेच दोन भाऊ १९७३ साली कॅलिफोर्नियात भर कार्यक्रमात भांडले, एकाने गिटार आपटून फोडली आणि तो स्टेजवरून निघून गेला. परत एकत्र गायला दहा वर्षं लागली. म्हणजे सूर जुळायला मनं जुळावी लागतात असंही नाही.

आयर्लंडमध्ये याचं वेगळं रूप आहे. डोनेगलच्या ग्वीडोर भागातला क्लॅनड हा बँड १९७० साली सुरू झाला. ब्रेनन घरातली तीन भावंडं आणि त्यांचे दोन जुळे मामा. नावाचा अर्थच ‘डोअरकडचं कुटुंब’ असा काहीतरी. वडिलांचं दारूचं दुकान होतं, म्हणजे तिकडचा पब, तिथे ही पोरं आयरिश भाषेतली जुनी गाणी गायची. इंग्रजीने गिळत आणलेल्या भाषेतली गाणी पबमध्ये गायची म्हणजे धाडसच. १९८२ साली त्यांचं आयरिशमधलं एक गाणं, एका टीव्ही मालिकेचं शीर्षकगीत, ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेलं. त्याच सुमाराला त्यांची धाकटी बहीण बँड सोडून गेली. ती एन्या. मला या सगळ्या गोष्टीत तीच जास्त रंजक वाटते. घर सोडल्यावर तिने स्टुडिओत बसून स्वतःचाच आवाज पुन्हापुन्हा रेकॉर्ड करून थरावर थर रचले. भावंडं सोडली आणि स्वतःच्या गळ्यातून अख्खं कुटुंब उभं केलं. तंत्रज्ञानाने रक्ताचा सूर बनवता येतो याचा यापेक्षा मोठा पुरावा नको.

आता आपल्याकडे या. भावंडांची आपल्याकडे काही कमी नाही. मंगेशकरांची पाच. पण ती पाचजणं मिळून एक बँड झाली नाहीत. पार्श्वगायनाने प्रत्येकाला स्वतंत्र माइक दिला. त्यातल्या त्यात हृदयनाथांनी बहिणींच्या गळ्यांचा जो हिशेब मांडला तो घरातल्या माणसालाच जमावा असा आहे. शांता शेळक्यांच्या शब्दांवर केलेली कोळीगीतं ऐका, लताबाईंच्या आवाजाला कुठे मोकळं सोडायचं आणि कुठे लाटेसारखं मागे ओढायचं हे त्याला माहीत आहे. पण तोही एक आवाज, एक चाल. आपलं संगीत एकाच धाग्याचं. दोघांनी एका वेळी दोन वेगळे स्वर लावले तर गुरुजी दोघांनाही उठवतील.

मग दुसऱ्या माणसाचं काम काय? तो झील धरतो. पोवाड्यात झीलकरी, तमाशात सुरत्या, कव्वालीत मागे बसून टाळ्या देणारे. पहिल्याने ओळ टाकायची, दुसऱ्याने ती उचलायची, जराशी वाकवून परत द्यायची. तिकडे नातं एकाच क्षणी ऐकू येतं, आपल्याकडे ते एकामागोमाग ऐकू येतं. कुणी किती घाईने उचललं, कुणी मुद्दाम अर्धी मात्रा थांबून उचललं, यात सगळी मजा. आनंद-मिलिंद ही जोडी मला इथे कळायला लागली. जुन्या कॅसेटमधला मुकाबला ऐकताना, सुरुवात कुणी केली हे ओळखायला मला तीन-चार वेळा मागे जावं लागतं. दोघांचा लगाव तोच आहे. छातीतून उघडा फेकलेला आवाज, व्यंजनावर ठोका, आणि ओळ संपता संपता कव्वालीकडून आलेली छोटी गिरकी. माझ्या कानाला आनंद यांच्या आवाजात खर जास्त आहे, मिलिंद जरा सरळ जातात. पण शिवण फार बारीक आहे.

(यूट्यूबवर ‘आनंद मिलिंद’ शोधाल तर आधी ‘कयामत से कयामत तक’चे संगीतकार येतील. तेही सख्खे भाऊ, संगीतकार चित्रगुप्त यांची मुलं. भावांच्या दोन जोड्या, एकच नाव. अल्गोरिदमला अर्थातच हिंदीतली जोडी आधी आठवते.)

हा आवाज आला कुठून हे ऐकायचं तर प्रल्हाद शिंदेंकडे जावं लागतं. भजन, कव्वाली, लोकगीत असं सगळं गायलेला माणूस. ध्वनिवर्धक बरा असेल की नाही याची खात्री नसलेल्या मंचावर, शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा, या गरजेतून तो गळा घडलाय. म्हणून तो उंच पट्टीत राहतो, म्हणून त्यात लाडिकपणा नाही. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ ऐकताना नीट लक्ष द्या. भक्तिगीतात आपण ज्या मऊपणाची सवय लावून घेतली आहे तो त्यात कुठेच नाही. देवाशी बोलताना हा माणूस आवाज खाली आणत नाही. चालून दमलेल्या माणसाचा तो आवाज आहे, मागे ढोलकी आणि टाळ त्याला ढकलत पुढे नेतात. माझ्या मते विसाव्या शतकातल्या मराठी भक्तिगीतांत या तोडीचं गायन फार थोडं आहे. आणि त्यावर लिहिलं गेलेलं तर त्याहून थोडं.

का थोडं, हेही उघड आहे. हा आवाज दलित वस्तीतून आला, आणि तो कॅसेटवर आला. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि कुणाचं गाणं विकायचं हे ठरवायची मक्तेदारी मोठ्या रेकॉर्ड कंपनीकडून निसटली. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाचं उत्तर भारतातल्या कॅसेटसंस्कृतीवर १९९३ सालचं एक पुस्तक आहे. महाराष्ट्रात तेच घडलं, फक्त रिक्षात, सलूनमध्ये आणि गणपतीच्या मांडवात. आनंद शिंदेंचं ‘नवीन पोपट हा’ या लाटेवर घरोघरी गेलं. ते गाणं चावट आहे, आणि चावटपणा सांभाळणारा त्यातला गळा अजिबात चावट नाही. चेहरा सरळ ठेवून विनोद करणाऱ्या सोंगाड्यासारखा तो गातो. तमाशाच्या बतावणीत हेच कौशल्य लागतं. पण ‘सुसंस्कृत’ घरांनी गाण्यातला पोपट तेवढा लक्षात ठेवला. २००६ साली अजय-अतुलनी, पुन्हा दोन भाऊच, ‘जत्रा’मध्ये ‘कोंबडी पळाली’साठी वैशाली सामंतबरोबर हाच आवाज घेतला, आणि एकदम तो मल्टिप्लेक्समध्ये चालायला लागला. आवाज तोच होता, तिकीट बदललं होतं.

याच अजय-अतुलनी ‘सैराट’साठी लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी वाद्यवृंद रेकॉर्ड केला. आपल्या एका धाग्याच्या चालीखाली त्यांनी पाश्चात्त्य हार्मनीचं अंथरूण घातलं. म्हणजे तिकडे जे काम भावंडांचे गळे करतात ते इथे भाड्याच्या व्हायोलिनांनी केलं. मला ‘सैराट’ आवडतो. पण त्या भरजरी अंथरुणावर लोळून आल्यावर प्रल्हाद शिंदेंचा उघडा आवाज ऐकला की वाटतं, आधार नसलेल्या आवाजाला एक वेगळी जबाबदारी असते.

तिसऱ्या पिढीकडे वळताना माझा हात जरा आखडतो. आदर्श शिंदे उत्तम गातो. ‘दुनियादारी’तलं ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’ २०१३ साली आमच्या शाळेच्या बसमध्ये रोज वाजायचं आणि आजही ते ऐकताना मी चॅनेल बदलत नाही. घराची उंच पट्टी आहे, फेक आहे. पण आता माइक तोंडाजवळ आलाय, आणि आजोबांनी जो आवाज मैदान ओलांडायला कमावला तो कानाच्या पडद्यापाशी येऊन हळू बोलू शकतो. हे नुकसान की वाढ? ‘पोश्टर गर्ल’मधल्या ‘आवाज वाढव डीजे’त बाप-लेक दोघं गातात, तिथे उत्तर मिळतं. आनंद यांची ओळ आली की गाणं जड पावलाने जमिनीवर येतं, आदर्शची आली की तरंगतं. एकाच गळ्याची दोन वयं, दोन मंच. हेच तर घराणं म्हणताना आपल्याला अपेक्षित असतं. गायकी टिकते आणि प्रत्येक पिढी तिला आपापल्या काळाच्या खोलीत बसवून घेते. गंडा नाही, तानपुरा नाही, म्हणून हे घराणं नाही म्हणायचं असेल तर म्हणा. माझे कान तसं म्हणत नाहीत.

आता तो अडचणीचा प्रश्न. आपण कुटुंब ऐकायला लागलो की कुटुंबाबाहेरचा माणूस ऐकू येईनासा होतो.

कंट्री संगीताची सुरुवात जिथून सांगतात त्या कार्टर फॅमिलीचंच बघा. १९२७च्या ऑगस्टमध्ये ब्रिस्टल गावी रेकॉर्ड कंपनीच्या माणसासमोर ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि वहिनी मेबेल यांनी गाणी गायली आणि पुढे सगळं रामायण घडलं. ए. पी. डोंगरदऱ्यांत फिरून जुनी गाणी गोळा करायचा. शब्द तो उतरवून घ्यायचा, चाली मात्र त्याच्या डोक्यात राहायच्या नाहीत. त्या लक्षात ठेवायला बरोबर लेस्ली रिडल असायचा. कृष्णवर्णीय गिटारवादक, सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात पाय गमावलेला. तो घरोघरी जाऊन चाल डोक्यात साठवायचा आणि परत आल्यावर या कुटुंबाला शिकवायचा. रेकॉर्डवर नाव कार्टर फॅमिलीचं. रिडल कुटुंबात नव्हता.

आपल्याकडे रिडलच्या जागी कवी आहे. आणि तो कवी शोधायला मला नाशिक जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली वामन तबाजी कर्डक जन्मले. मोठेपणी मुंबईत अक्षरं शिकले आणि मग आयुष्यभर गाणी लिहीत, गात गावोगाव फिरले. याच जिल्ह्यात त्यांच्या आधी भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे उभे राहिले होते, १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह झाला होता, १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली होती. वामनदादांचं गाणं या जमिनीतून आलं. ‘वाटचाल’, ‘मोहोळ’ असे त्यांचे संग्रह आहेत, पण गाणी पुस्तकातून पसरली नाहीत. ती वहीतून पसरली. एका गायनपार्टीच्या वहीतून दुसऱ्या पार्टीच्या वहीत, तिथून कॅसेटवर, तिथून माझ्या गल्लीतल्या डीजेच्या पेन ड्राइव्हमध्ये. शेवटच्या कडव्यात ते ‘वामन’ असं नाव घालायचे, संतांसारखं. ते निव्वळ परंपरा म्हणून घातलं असेल, पण मला त्यात एक व्यवहारीपणाही दिसतो. वहीवरचं नाव पुसता येतं, कडव्यातलं काढायला गेलं तर मीटर मोडतं.

डीजेने त्यावरही उपाय काढलाय. शेवटचं कडवं वाजतच नाही. मुखडा, एक अंतरा, बेस, पुढचं गाणं.

वामनदादांना निदान नाव आहे, त्यांच्या जयंतीला कार्यक्रम होतात. ज्यांची तेवढीही आठवण नाही त्यांचं काय? ‘पाऊले चालती’चे शब्द दत्ता पाटलांचे आहेत आणि चाल मधुकर पाठक यांची. मी गेल्या महिन्यात आठ-दहा मित्रांना विचारलं, एकालाही सांगता आलं नाही. मलाही हे लिहायला बसेपर्यंत माहीत नव्हतं. गायकाने हे नाव लपवलं असं माझं मुळीच म्हणणं नाही. दोष ऐकणाऱ्याचा आहे, आणि गाणं अपलोड करताना मोठ्या अक्षरांत फक्त गायकाचा फोटो लावणाऱ्याचा. घराचं आडनाव इतकं जोरात वाजतं की बाकीची नावं त्याखाली दबतात. कुमार गंधर्वांचं निर्गुणी भजन ऐकताना आपण कबीराचं नाव घेतोच. शिंद्यांचं ऐकताना कुणाचं घेतो?

वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघंही २००४ साली गेले, काही आठवड्यांच्या अंतराने. एकाच्या मागे गळा राहिला, मुलांत आणि नातवंडांत. दुसऱ्याच्या मागे वह्या आणि शिष्य. गळ्याला वारस सापडणं सोपं असतं, ते रक्ताने चालतं असं आपण धरून चालतो. वहीला वारस शोधावा लागतो.

आणखी एक गोष्ट, जी मला या सगळ्या परदेशी बँडांमध्ये कुठे सापडली नाही. क्लॅनडने एक भाषा सांभाळली, कार्टरांनी एक डोंगर. शिंद्यांचं घर दोन दारांत उभं राहून गातं. एप्रिलमध्ये भीमगीतं, आषाढात विठ्ठल, भाद्रपदात गणपती, आणि आवाज तोच. ज्या नाशकात काळारामाच्या दारात माणसं अडवली गेली तिथे पंचवटीतल्या कुठल्याही मांडवात आज सकाळी सकाळी प्रल्हाद शिंदे लागतात. आवाज आत गेलाय. यावर खूश व्हावं की आवाज आत घेऊन माणसाचं काय केलं असं विचारावं, हे मला ठरवता येत नाही. माझे एक शेजारी काका आहेत, जयंतीच्या मिरवणुकीला खिडक्या लावून घेतात आणि गणपतीत त्याच गायकाच्या गाण्यावर आरतीचं ताट हलवतात. त्यांना हे सांगावं असं प्रत्येक वेळी मनात येतं. अजून सांगितलं नाही.

या वर्षी निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघाली तेव्हा मी मित्राबरोबर सिन्नरपर्यंत चाललो. रस्त्यात एक मुलगा, पंधरा-सोळाचा असेल, गळ्यात मोबाइल अडकवून त्यावर ‘पाऊले चालती’ लावून चालला होता. स्पीकर फाटलेला, आवाज तरीही पोचत होता. मी त्याला विचारलं, हे कुणाचं गाणं? त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. “शिंद्यांचं,” म्हणाला. लिहिलंय कुणी, असं विचारल्यावर त्याने मोबाइल काढून व्हिडिओखालचा मजकूर वर-खाली केला. तिथे गायकाचं नाव होतं, चॅनेलचं नाव होतं, रिंगटोनसाठी कुठे क्लिक करायचं ते होतं. मी त्याला दत्ता पाटील हे नाव सांगितलं. त्याने तिथेच उभं राहून, मागची दिंडी अडवून, कॉमेंटमध्ये ते टाइप केलं. रात्री घरी येऊन मी ती कॉमेंट शोधली. खाली एकच उत्तर आलं होतं : “हे कोण, शिंदेंचे कोण लागतात?”